अंगचोरी गल्लीतली हाक

तोहुए अमानं कालवं फोडायचा सुरा पाटावर आपटला आणि जाहीर केलं, "ती पायवाट आपल्या गल्लीतून गेली नाही, तर मी माझूमायच्या देवळात पाऊल ठेवणार नाही."

आता हे ऐकून दर्याची देवी असलेल्या माझूमायला काही कापरं भरलं नसणार. गेल्या वर्षी देवळातल्या चहाच्या किटलीवरून अमानं हीच धमकी दिली होती आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत झाडू घेऊन हजर झाली होती. पण या खेपेला तिचा आवाज वेगळा होता. ती खिडकीशी बसलेल्या नवऱ्याकडे बघून बोलली होती, आणि नवरा काहीच बोलला नव्हता.

दुखणं होतं ते हेच. म्हातारा बोलेनासा झाला होता.

स्वाकांग बंदरात या गल्लीला अंगचोरी म्हणतात. समोरून माणूस आलं की अंग चोरून, भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभं राहायचं, तरी एकमेकांच्या कपड्यांची इस्त्री मोडायचीच. आणि वर मधोमध एक वळण. देवळाकडच्या तोंडाशी उभं राहिलं तर धक्क्याकडून कोण शिरलंय ते दिसत नाही, आणि त्या बाजूनं या बाजूचं दिसत नाही. म्हणून गावात जुनी रीत होती. शिरण्याआधी तोंडाशी थांबून हाक घालायची, "वाट मोकळी?" आणि वळणावरच्या घरातून जो उत्तर देईल त्याचं ऐकायचं. वळणावरचं घर अमाच्या नवऱ्याचं, चुई-ग्वानचं. आधी त्याचा आजा उत्तर द्यायचा, मग बाप, आणि पायानं अधू होऊन होडी सोडल्यावर चुई-ग्वान स्वतः. बसल्या जागेवरून त्याला दोन्ही टोकं दिसायची.

आणि काय आवाज होता त्याचा! अमा सांगायची की तो "या!" म्हणाला की समुद्रातले मासेसुद्धा यायला निघायचे, आणि "थांबा!" म्हणाला की भरती अडायची. "थांबा, कोळंबीवाली आतच आहे!" "दम धरा जरा, नवी सून येतेय, तिला पळवू नका!" "या या, पण पोट घरी ठेवून या!" दिवसभर गल्ली नुसती गजबजलेली.

मग समोरचा मोठा रस्ता झाला. बाजार तिकडे गेला. धक्क्यावर जाणारे स्कूटरवरून जायला लागले, आणि स्कूटर काही अंगचोरीत शिरत नाही. हाका कमी झाल्या, मग कधीमधी एखादी, मग एकही नाही. चुई-ग्वान तरी खिडकीशी बसून राहायचा, मान थोडी वाकडी करून, ऐकत. बोलणं "हं" वर आलं. मग ते "हं" पण गेलं. माशाची पेज समोर ठेवली की चमचा उचलायचा, संपली की चमचा ठेवायचा, झालं.

डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितली. म्हणाला, "घशात काहीच नाही."

"घशात नाही ते मलाही कळतंय," अमा म्हणाली. "कानात काही येत नाही त्याच्या, त्यावर औषध आहे का?"

डॉक्टरकडे ते नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच जिल्ह्याच्या कचेरीनं ठरवलं की स्वाकांगमधून पाहुण्यांसाठी पायवाट आखायची. जुन्या जकातघरापासून निघायचं, तोफ बघायची, मिठाची वखार बघायची, माझूमायच्या देवळात यायचं आणि तिथून धक्क्यावर. वाटेवर जमिनीत निळ्या माशांच्या फरश्या बसवायच्या, म्हणजे माशाच्या तोंडाच्या दिशेनं माणूस चालत राहील. सगळं ठरलं होतं. राहिला होता एवढाच तुकडा, देवळापासून धक्क्यापर्यंतचा. तो अंगचोरीतून न्यायचा की समोरच्या मोठ्या रस्त्यानं, एवढाच वाद.

देवळाचा अध्यक्ष बान-होक म्हणत होता, मोठ्या रस्त्यानं. मोठ्या रस्त्यावर बान-होकच्या मुलानं अननसाच्या केकचं दुकान टाकलं होतं, हे तो म्हणत नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे म्हणायची गरजही नव्हती.

कचेरीतून वेन-छी नावाची तरुण बाई आली होती. देवळाच्या अंगणात प्लॅस्टिकची स्टुलं मांडली, चहा फिरला. बान-होक ऐसपैस बसला. तो बसला की स्टूल दिसेनासं व्हायचं.

"बाई," तो म्हणाला, "पाहुणे लांबून येणार. त्यांना काय त्या फटीत घालायचंय? आणि बघायला आहे काय तिथे? तोफेला इतिहास आहे. वखारीला इतिहास आहे. त्या गल्लीला काय आहे? शेवाळ."

अमा उठली. "बान-होक, लहानपणी त्याच शेवाळावर घसरून तुझा दात पडलाय. तो इतिहास नाही?"

सगळे हसले. बान-होकनं तोंड मिटलं, कारण त्या दाताची जागा अजून रिकामी होती.

"बाई, ऐका," अमा वेन-छीकडे वळली. "या गावावर चाच्यांनी धाड घातली होती. पाचशे चाचे! तलवारी परजत धक्क्यावर उतरले आणि अंगचोरीत शिरले. पण गल्ली केवढी? एकामागे एक, तेही तिरके, तलवार काढायला कोपर हलवायला जागा नाही. आणि देवळाकडच्या तोंडाशी माझी पणजी उभी, हातात लाकडी खडाव. एक डोकं बाहेर आलं की टाण्! दुसरं आलं की टाण्! संध्याकाळपर्यंत पाचशेच्या पाचशे आडवे. पणजीची खडाव तेवढी झिजली."

"मागच्या महिन्यात दोनशे होते," मागून कोणीतरी म्हणालं.

"तेव्हा माझं मोजून संपलं नव्हतं," अमा म्हणाली.

वेन-छी हसू दाबत होती. "अमा, याला काही पुरावा?"

"पुरावा हवाय? मग दुसरं सांगते. एकदा दोन वराती एकाच मुहूर्तावर निघाल्या. एक या तोंडानं शिरली, एक त्या तोंडानं. दोन्हीकडच्यांना घाई, कोणी हाक घातली नाही. वळणावर दोन पालख्या समोरासमोर. हे म्हणतात तुम्ही मागे व्हा, ते म्हणतात तुम्ही व्हा. नवरी घेऊन मागे सरणं म्हणजे अपशकुन! दुपार झाली, संध्याकाळ झाली, जेवण गार झालं. शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली. पालख्या तिथेच ठेवल्या, नवऱ्या मुली तेवढ्या उतरवून त्यांची अदलाबदल केली, आणि ज्याला जी मिळाली तिला घेऊन घरी गेले. त्यातल्या एकीची मी नात. पुरावा तुमच्यासमोर उभा आहे आणि चहा अजून मिळालेला नाही."

अंगणात हसण्याचा नुसता फवारा उडाला. बान-होकनं स्टुलावर हात आपटला. "वहिनी, थापा मारून पायवाट वळत नाही!"

अमाचं हसू गेलं. "मग कौल लावू," ती म्हणाली. "माझूमाय सांगेल तसं."

आता स्वाकांगमध्ये हे शब्द निघाले की वाद संपतो. नवी होडी कधी लोटायची, मुलीला कुठे द्यायची, घराचं दार कुठल्या बाजूला काढायचं, सगळं कौल लावून ठरतं. देवळाचा अध्यक्षच कौलाला नाही म्हणाला तर उद्या त्याला उदबत्तीचा धूरसुद्धा विचारणार नाही. बान-होक उठला. स्टूल पुन्हा दिसायला लागलं.

कौलाचे दोन लाल लाकडी तुकडे असतात, मोठ्या काजूच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. दोन्ही सपाट वर आले की देवी हसते आहे. आणि होकार ओळीनं तीन वेळा आला तरच खरा.

अमा गुडघ्यांवर बसली, तुकडे कपाळाला लावले, पुटपुटली आणि टाकले. दोन्ही सपाट.

"हसली!" बान-होक आनंदानं ओरडला. "मायसुद्धा तुझ्या पाचशे चाच्यांना हसली!"

देवळातला म्हातारा पुजारी जवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं, नाव-पत्ता सांगितलास का?"

"आता नाव-पत्ता? रोज तिचं अंगण झाडते मी!"

"ती ओळखते गं तुला. पण रीत आहे. कोण विचारतंय, कुठून विचारतंय, कशासाठी विचारतंय. तू नुसतंच ‘वाट गल्लीतून नेऊ का’ म्हणालीस. कोणाची वाट, कोणाची गल्ली? दर्याकाठच्या किती गल्ल्या लागल्यात तिच्या मागे."

अमानं पुन्हा तुकडे उचलले. या वेळीही ती मोठ्यानं बोलली नाही, पण पुजाऱ्याच्या कानावर गेलंच. "मी तोहुए. अंगचोरीतलं वळणावरचं घर. पाहुण्यांसाठी नाही गं विचारत. माझ्या माणसाला कोणीतरी हाक मारायला हवी. तो ऐकत बसलाय. तू समुद्रात बुडणाऱ्यांच्या हाका ऐकतेस, तुला कळेल."

टाकले. एक सपाट, एक फुगीर. होकार.

पुन्हा टाकले. होकार.

अंगणातली माणसं पुढे सरकली. बान-होकनं गळपट्टीचं बटण सोडलं. अमानं तिसऱ्यांदा तुकडे उचलले आणि सोडले. एक तुकडा सपाट बाजू वर करून जागच्या जागी थांबला. दुसरा घरंगळला, गोल गोल फिरला, उदबत्तीच्या मेजाच्या पायाला जाऊन टेकला आणि टेकल्या टेकल्या उभा राहिला. चक्क उभा, टोकावर.

उभा कौल पुजाऱ्यानंसुद्धा उभ्या जन्मात बघितला नव्हता. त्या मेजापाशी फरशी थोडी कलती आहे आणि रोज झाडणाऱ्या बाईला ते ठाऊक असणारच, असं नंतर काही लोक म्हणाले. म्हणोत बापडे. कलत्या फरशीवर त्यांनी एकदा उभा करून दाखवावा.

"हा धरायचा नाही!" बान-होक म्हणाला. "ना होकार ना नकार. पुन्हा टाक."

"पुन्हा?" अमा गुडघ्यांवरून उठली. तिचे गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू आले. "माय आपल्या पायांवर उभी राहून सांगतेय आणि तू म्हणतोस पुन्हा टाक? बघ की नीट! कसा उभा आहे तो? तिरका! मेजाला पाठ लावून, अंग चोरून! अंगचोरीत माणूस असाच उभा राहतो. माय दाखवतेय, जायचं कसं ते!"

पुजाऱ्यानं हात जोडले. मग एकेक करून सगळ्यांनी जोडले. वेन-छीनं आजूबाजूला बघितलं आणि तिनंही जोडले.

बान-होक एकटा राहिला. पण तो काही कच्चा गडी नव्हता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मायचा मान आहे. पण मायनं जायचं कसं ते सांगितलं, जाता येतं असं नाही सांगितलं. बाई, तुमचाच नियम आहे ना, वाट चालता आली पाहिजे? आजकालची अंगानं भरलेली माणसं त्या फटीतून जात नाहीत. मी सांगतो."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," वेन-छी म्हणाली. "मी स्वतः चालून बघितल्याशिवाय काही लिहून देणार नाही."

"तू कशाला चालतेस?" अमा म्हणाली. "तू म्हणजे बांबूचा कोंब. बान-होक चालेल. बान-होक पार झाला तर कोण अडकणार आहे या जगात?"

आता पुन्हा सगळे हसले आणि बान-होकला मागे सरता येईना. "दाखवतो," तो म्हणाला. "लहानपणी त्या गल्लीतून मी पळायचो."

"पळायचास आणि पडायचास," असं म्हणून अमा गर्दीतून बाजूला झाली. सगळं गाव बान-होकच्या मागे अंगचोरीच्या तोंडाशी निघालं, तेव्हा अमा कुठे गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बान-होक तोंडाशी पोचला. थांबला नाही, हाक घातली नाही, कशाला घालील? देवळाचा अध्यक्ष, आणि गल्ली वर्षानुवर्षं रिकामी. पोट आत ओढून तिरका झाला आणि शिरला. भिंतीवरून त्याच्या शर्टाचा खरखर आवाज येत राहिला. तो वळणापर्यंत पोचला, आणि वळणावर समोरून, डोक्यावर ओल्या कालवांची टोपली घेऊन, तोहुए अमा.

ती मोठ्या रस्त्यानं वळसा घालून धक्क्याकडून आली होती, आणि दमही लागू दिला नव्हता.

"हो मागे," अमा म्हणाली.

"तू हो. मी अर्ध्यावर आलोय."

"मी पण अर्ध्यावर आलेय. आणि माझ्या डोक्यावर टोपली आहे."

"माझ्या पुढे पोट आहे! मला मागे वळता येत नाही, वहिनी!"

"मग पुढेही येऊ नकोस. कालवांचं पाणी गळतंय हं, तुझ्या शर्टावर. चांगला शर्ट दिसतोय."

"वहिनी!"

"ओरडू नकोस. रात्र पडली तर तुला इथेच पेज आणून देईन."

गल्लीच्या तोंडाशी गावातली सगळी माणसं मान लांब करून ऐकत होती, पण वळणामुळे कोणाला काही दिसत नव्हतं. आणि त्या दोघांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, खिडकी होती. खिडकीत चुई-ग्वान. बान-होकनं मान वळवली तेव्हा त्याचं नाक म्हाताऱ्याच्या नाकाला लागायचंच बाकी होतं. दोघांनी एके काळी एकाच होडीवर जाळं ओढलं होतं. म्हातारा पायानं बसल्यापासून बान-होक एकदाही या गल्लीत आला नव्हता.

"चुई-ग्वान दादा," बान-होक ओशाळून म्हणाला. "बरा आहेस ना?"

म्हातारा बान-होककडे बघत राहिला. मग अमाकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, पुन्हा बान-होककडे. अमानं डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिनं ओठ दाबून धरले होते आणि तिच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच, काही निघत नव्हतं.

चुई-ग्वानच्या घशात काहीतरी खरखरलं, गंजलेल्या बिजागरीसारखं.

"हाक," तो म्हणाला.

"काय दादा?"

"हाक घातलीस का?" आवाज अजून फुटका होता, पण आवाज होता. "शिरण्याआधी विचारलंस का?"

"अरे दादा, आता कोण विचारतंय..."

"बान-होक!" आणि आता तो आवाज आला, जुना, भरती अडवणारा. गल्लीच्या दोन्ही भिंतींवरून घुमत तो देवळाकडच्या तोंडातून बाहेर पडला आणि तिथे उभ्या माणसांनी दचकून एक पाऊल मागे घेतलं. "न विचारता शिरलास! मागे हो! टोपलीवाली आत आहे!"

बान-होक मागे झाला. उलट्या पावलांनी, तिरका, भिंतीला घासत, एक बटण इथे सोडत, एक तिथे सोडत. "डावीकडे सांभाळ, शेवाळ आहे!" चुई-ग्वान खिडकीतून ओरडत होता. "दुसरा दात पाडशील!" बान-होक तोंडाशी बाहेर पडला तेव्हा शर्ट कालवांच्या पाण्यानं चिंब, पुढून उघडा, आणि तो हसत होता की रडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"येतं की जाता," तो वेन-छीला म्हणाला. "मागे येता येतं म्हणजे पुढेही जाता येणार. फक्त विचारून शिरायला हवं."

वेन-छी तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिला रीत कोणी शिकवली नव्हती, पण ऐकलं होतंच. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले. "वाट मोकळी?"

आतून लगेच आलं, "थांबा! बायको घरात शिरतेय, तिला वेळ लागतो!" मग टोपली खाली ठेवल्याचा आवाज, आणि मग, "या! या, आता या!"

निळे मासे अंगचोरीतून बसले. वळणावरचा एक मासा थोडा वाकडा आहे, कारण तो बसवताना गवंड्याला चुई-ग्वान वरून सूचना देत होता. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी फळी लागली, "शिरण्याआधी हाक घाला, उत्तराची वाट बघा." पाहुणे येतात, लाजत लाजत हाक घालतात, आणि आतून उत्तर आलं की एकमेकांकडे बघून हसतात. वळणावर अमा त्यांना चाच्यांची गोष्ट सांगते. चाचे आता आठशे आहेत.

बान-होकसुद्धा रोज येतो. मुलाच्या दुकानातले अननसाचे केक थाळीत घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, पाहुण्यांना चाखायला देतो, आणि गर्दी ओसरली की शेवटचे दोन केक चुई-ग्वानसाठी घेऊन आत शिरायला निघतो.

"वाट मोकळी?"

"थांब," आतून येतं.

गल्लीत चिटपाखरू नसतं. बान-होकला ते माहीत असतं. तरी तो थांबतो, थाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो.

"दादा, कोण आहे आत?"

"वराती आहेत. दोन. नवऱ्या बदलायचं चाललंय, गडबड करू नकोस."